सिस्टर, झोप नीट घ्या!

12 मे म्हणजे परिचारिका दिन. त्या दिवशी सिस्टरांना गुलाबाचं फूल, सामोसा आणि एक व्याख्यान मिळतं. यंदा एका रुग्णालयात विषय होता ‘झोपेचं आरोग्य’. वेळ दुपारी तीन, उपस्थिती सक्तीची. म्हणजे रात्रभर वॉर्ड सांभाळून सकाळी घरी गेलेल्यांना भर झोपेतून उठवून झोपेचं महत्त्व सांगण्यात आलं. चार वाजताचा चहा सोडा, अंथरुणात मोबाइल नको, रोज ठरावीक वेळी झोपा, असा उपदेश झाला. ठरावीक वेळी! हे ज्यांना ऐकवलं, त्यांची ड्युटी या आठवड्यात मॉर्निंग, पुढच्या आठवड्यात नाइट, आणि कुणी रजेवर गेलं की मधेच इव्हनिंग.

इव्हनिंग रात्री नऊला सुटते. हँडओव्हर देईतो साडेनऊ. लोकल, रिक्षा, पाण्याच्या बाटल्या भरणं, पोळीचा तुकडा, की वाजले बारा. दुसऱ्या दिवशी मॉर्निंग असेल तर सातला वॉर्डात हजर, म्हणजे पाचला उठायचं. यात चहा आणि मोबाइलने नेमकी किती झोप खाल्ली, ते वक्त्यांनीच सांगावं.

मोबाइल निर्दोष आहे असं नाही. नाइटहून आल्यावर तासभर रील्स बघत पडणाऱ्या सिस्टर आहेतच. पण पहाटे तीन-चारला शरीराचं तापमान सगळ्यात खाली येतं, मेंदू दुकान बंद करायला निघतो, आणि नेमकी त्यानंतर रक्ताचे नमुने, सलाइन, इन्सुलिनची मात्रा ही कामं रांगेत उभी असतात. तिथे चहा घ्यायचा नाही तर काय मंत्र म्हणायचा? सकाळी घरी आलं की गॅसवाला, कुरियर, शेजारचा मिक्सर आणि ‘दिवसाढवळ्या काय झोपते?’ हा सासूबाईंचा प्रश्न ओळीने हजर. दिवसाची झोप मुळातच तोकडी नि तुटक, त्यातून पडदाही पातळ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पाळ्यांचं काम 2007 मध्ये आणि खास रात्रपाळी 2019 मध्ये पुन्हा ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातली. याच गटात लाल मांसही आहे. मटण कमी करा, हे सांगणारा डॉक्टर गल्लोगल्ली भेटतो. नाइट कमी करा, हे मेट्रनला सांगणारा अजून जन्माला यायचाय.

निवासी डॉक्टरांना ड्युटी रूम असते. गादी ढेकणांची का असेना, पाठ टेकते. सिस्टरला टेबल आणि खुर्ची. त्या टेबलावर पाच मिनिटं मान कलली की एखादा नातेवाईक फोटो काढतो. सकाळी तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, दुपारी कारणे दाखवा नोटीस निघते. तिचा खुलासा द्यायला यायचं तेही झोपेच्या वेळेत. जपानमध्ये लांब रात्रपाळीत परिचारिकांनी आळीपाळीने डुलकी घेण्याची पद्धत आहे. आपल्याकडे ती गैरवर्तणूक.

पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकत गेल्या तर शरीर त्यातल्या त्यात जुळवून घेतं. उलट्या फिरल्या तर हाल. हे जुळवायला इन्चार्ज सिस्टरकडे पेन्सिल आहे, खोडरबर आहे, नाहीत त्या सिस्टर. रात्री चाळीस-पन्नास खाटा दोघींवर, त्यातली एक आजारी पडली की दुसरीची डबल. माणसं भरा म्हटलं तर भरतीही बाहेरच्या कंपनीकडून करायची टूम निघाली. त्याविरुद्ध 2022 च्या मे महिन्यात राज्यभरातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. तेवढ्या रात्री तरी त्या घरी झोपल्या असतील.