55 लिटरची तहान, 135 लिटरचा शेजार

खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी पुरतं आणि शहरातल्या माणसाला 135 लिटर लागतं. हे आमचं म्हणणं नाही, सरकारचं आहे. जलजीवन मिशनचं माप माणशी 55 चं, शहरी पाणीपुरवठ्याचं माणशी 135 चं. आता इचलकरंजीतून कबनूरच्या दिशेनं चालत या. कुठल्यातरी एका विजेच्या खांबापाशी महापालिका संपते आणि ग्रामपंचायत सुरू होते. खांबाच्या अल्याड-पल्याड यंत्रमाग तेच, घरं तशीच, मोकाट कुत्रीसुद्धा दोन्हीकडची पाहुणी. पण खांब ओलांडला की माणसाची तहान 80 लिटरनं उतरते. तो आंघोळ तांब्यात आटोपतो, त्याची बायको धुणं नजरेनंच धुते, आणि मागावर बारा तास उभं राहूनही त्याला घाम ग्रामीण निकषानं येतो.

कबनूर खेडं आहे, हे जलखात्याला पटलंय. जनगणना खात्याला मात्र पटलेलं नाही. त्यांच्याकडे गावाला शहर म्हणायच्या तीन अटी आहेत: वस्ती 5,000 च्या वर हवी, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं हवीत आणि कामकरी पुरुषांतले 75 टक्के तरी शेतीबाहेर पोट भरणारे हवेत. कबनूर या तिन्ही पेपरांत उत्तम गुणांनी पास. माणसं 30,000 च्या वर कधीच गेलीत, दाटी इतकी की शेजारच्याच्या कुकरची शिट्टी मोजून आपण गॅस बंद करावा, आणि शेतीचं म्हणाल तर नांगरापेक्षा धोटा जास्त. म्हणून 2011 च्या जनगणनेत कबनूर शहर आहे. पण जनगणनेतलं शहर म्हणजे पत्रिकेतला राजयोग. लिहिलेला असतो, भोगायला मिळत नाही. दिवे, गटारी, कचरा, दवाखाना हे सगळं पाहायला शेवटी ग्रामपंचायतच, आणि कायद्यानं ग्रामपंचायतीत सदस्य जास्तीत जास्त 17. साडेसात हजारांच्या वरच्या गावालाही 17 आणि कबनूरलाही 17. एकेका सदस्याच्या वाट्याला किती गटारी येतात, याचा हिशेब आम्ही मुद्दाम करत नाही. कुणाला तरी भोवळ यायची.

मग महापालिकेत का जात नाही? हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारून बघा. टपरीवाल्याचं दूध संपेल, उत्तरं संपायची नाहीत.

“म्हापालिकेत गेलं की घरफाळा वाढणार. पाणी तिथं तरी कुठं रोज येतंय? फाळा भरून तहानलेलं ऱ्हायचं, त्यापरास फुकटात तहानलेलं बरं की!” हे एका निवृत्त जॉबरचं मत. त्यावर समोरचा तरुण म्हणाला, “मामा, पर पोरीकडचं विचारत्यात, गाव कंचं म्हणून. इचलकरंजी म्हटलं की स्थळ बसतंय, कबनूर म्हटलं की उठतंय.” हद्दवाढीचा इतका नेमका अहवाल कुठल्या समितीनं दिल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

भीती अगदीच वेडी आहे, असंही नाही. इचलकरंजी 2022 मध्ये महापालिका झाली. पाटी बदलली, लेटरहेड बदलली, पदनामं लांबली. नगरसेवक निवडायची पहिली निवडणूक मात्र 2026 च्या जानेवारीत. मधली साडेतीन वर्षं लोकांचा कारभार लोकांवाचून सुरळीत चालला, आणि त्यात काही फरक पडल्याचं लोकांनाही फारसं जाणवलं नाही, ही त्यातली खरी काळजीची बाब. तिकडे कोल्हापूरची महापालिका 1972 ची. तिची हद्द अजून एक इंच हललेली नाही. हद्दवाढ म्हटलं की भोवतालची गावं रस्त्यावर उतरतात आणि शहर पुन्हा मुकाट्यानं पाय पोटाशी घेऊन झोपतं. जिल्ह्याचं शहरच असं निजलेलं असताना कबनूरनंच तेवढं जागं का व्हावं?

पाण्याकडे वळू. पंचगंगेच्या नावात पाच नद्या आहेत: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. आपल्या पिढीनं तीत सहावी मिळवली, ती मात्र गुप्त नाही. तिचा वास येतो. कोल्हापूरचं सांडपाणी, वाटेतल्या गावांचे ओढे, कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचं पाणी असा तिचा उगम. उन्हाळ्यात खाली तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेले मासे तरंगायला लागले की प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक येतात, बाटल्यांत पाण्याचे नमुने भरतात आणि जातात. इतक्या वर्षांत इतके नमुने नेलेत की नदी स्वच्छ करायचा तोच एक मार्ग उरला असावा: बाटलीबाटलीनं उपसून नेणं.

2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो माणसं पिवळी पडली, बळी गेले. पाण्यातून आली हे सगळ्यांना माहीत होतं, आणि पाणी कुठून येतं हेही. मग नवी नदी शोधायचं ठरलं. वारणेवर दानोळीला जायचं, तर वारणाकाठ म्हणाला, एक थेंब देणार नाही. दूधगंगेवर सुळकूडला जायचं, तर दूधगंगाकाठ म्हणाला, अर्धा थेंब देणार नाही. आपली नदी आपण घाण केली म्हणून दुसऱ्याच्या नदीवर जायचं, हा विचार कुणालाच खटकला नाही. खटकलं ते एवढंच, की दुसरे नाही म्हणाले. कबनूरकर या सगळ्या भांडणात शेजारधर्मानं नुसतं बघत असतो. त्यानं आपल्यापुरता तोडगा काढलाय. पाण्याच्या यंत्रात पाच रुपयांचं नाणं टाकायचं, कॅन भरायचा, सायकलच्या कॅरिअरला बांधायचा. नळाचं पाणी भांड्याला, कॅनचं तोंडाला. 55 लिटरच्या योजनेत 20 लिटरचा कॅन धरलाय की वेगळा, हे एखाद्या साहेबानं सांगावं.

आता आरोग्य. या विषयावर कबनूरमध्ये मत नाही असा माणूस नाही, आणि सगळ्यांची मतं मोठ्या आवाजात आहेत. त्याला कारण आहे. चाळीस मागांच्या खटखटीत जन्म काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही आणि हळू बोललेलं ऐकू येत नाही. कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा 90 डेसिबल. पण ते कारखान्याला. आपल्या राज्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर विजेवर चालणारी जागा कारखाना ठरायला 20 कामगार लागतात. आठ-बारा मागांच्या खोलीत माणसं असून असून किती असणार? चार. म्हणजे कायद्याच्या लेखी तो कारखाना नाही, आणि तिथली खटखट कायद्याच्या कानावर जात नाही. कामगार मागापायी बहिरा झाला, हे समजण्यासारखं आहे. मंत्रालयात तर एकही माग नाही.

सरकार काही करत नाही, असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर आम्ही आकडे फेकू. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये सुरू झाली, 2017 मध्ये तिची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. 2018 मध्ये आयुष्मान भारत आली. 2023 मध्ये ठरलं, की राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला, रेशन कार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, आणि उपचारांची यादी 1,356 ची. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यात केस पेपरचे पैसेही माफ. गावातलं उपकेंद्र आधी आरोग्यवर्धिनी झालं, मग आयुष्मान आरोग्य मंदिर. एवढी नावं तर बारशाला पाळण्याभोवती बसलेल्या आत्यांनाही सुचत नाहीत.

यादी खरोखर मोठी आहे आणि उपयोगाचीही, हे कबूल करायला हवं. हृदयाची वाहिनी तुंबली, कॅन्सर झाला, डायलिसिसवर जायची वेळ आली की हीच योजना घर वाचवते. तशी वाचलेली घरं इथं आहेत. अडचण एवढीच, की कबनूरचा माणूस रोज उठून तुंबत नाही. त्याला ताप येतो. खोकला येतो, सुताचा कोंडा छातीत बसलेला असतो. बारा तास उभं राहून पायाच्या शिरा गाठीगाठीच्या होतात. यादीतल्या उपचारांसाठी अंथरुणाला खिळावं लागतं; उभ्या माणसाला त्यात जागा नाही. सरकारचा निरोप स्पष्ट आहे: आधी नीट आडवे व्हा, मग बोलू.

मागावरच्या कामगाराला मजुरी मीटरवर. कापड निघालं तर पैसा, नाही निघालं तर खाडा. तापानं एक दिवस घरी बसला की एकीकडे रोजगार गेला आणि दुसरीकडे डॉक्टरची फी उभी राहिली. सरकारी दवाखाना आहे की, इचलकरंजीत मोफतचं इंदिरा गांधी रुग्णालय आहे, कोल्हापुरात सीपीआर आहे. पण तिथली रांग सकाळची. सकाळी मागावर शिरलेला माणूस रात्री बाहेर येतो आणि रातपाळीवाला सकाळी मेल्यासारखा पडलेला असतो. ‘आपला दवाखाना’ काढताना दुपारी 2 ते रात्री 10 ही वेळ कुणाला तरी सुचली, त्या माणसाला आमचा दंडवत. सरकारी खात्यात राहून त्यानं कामगार पाहिलेला दिसतो. आता बदली झाली असेल.

तो दवाखाना जवळ नसेल, तर मग रात्री साडेआठला ताप अंगात घेऊन हा माणूस जातो कुठं? आधी मेडिकलमध्ये. “ताप, अंगदुखी, खोकला, समद्याची मिळून एक पुडी द्या.” पुडीनं भागलं नाही तर गल्लीतला डॉक्टर. तो सुई देतो आणि सुईनंही भागलं नाही तर सलाईन लावतो. सलाईन लागली की माणसाला आपण खरंच आजारी होतो याची खात्री पटते आणि पैसे गेल्याचं दुःख कमी होतं. ते पैसे येतात मागाच्या मालकाकडून, म्हणजे शेठकडून. त्याला म्हणतात उचल. शेठच्या दिवाणजीकडे एक वही असते, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. तीत नाव, तारीख आणि रक्कम. ताप आला 500, बायकोची सोनोग्राफी 1,200, पोराचं हाड 3,000. फॉर्म नाही, अंगठा नाही, ओटीपी नाही. पुढच्या पगारातून थोडी थोडी वळती होते आणि ती फिटेपर्यंत माणूस दुसरीकडे कामाला जाऊ शकत नाही. कबनूरचा खरा आरोग्यविमा हा आहे. तो रात्री नऊलाही चालतो, आडवं व्हायची अट नाही, आणि हप्ता म्हणून माणूस स्वतःच जमा असतो. त्याच्या जाहिरातीवर कुणाचाही फोटो नाही, हा त्यातला आणखी एक गुण.

नाही म्हणायला सरकार उभ्या माणसापर्यंतही पोचतं. आशाताई येतात. त्यांच्याही मोबदल्यात कामावर मिळणारा भाग आहे, म्हणजे त्याही थोड्याफार मागवाल्यांसारख्याच मीटरवर. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये ॲप. परवा गल्लीत आयुष्मान कार्ड काढायला आल्या तेव्हा एक मावशी कांडीचं काम टाकून उठल्या.

“मावशी, मोबाईलवर ओटीपी आला काय बघा.”

“मोबाईल पोराकडं. पोरगं पुण्यात.”

“मग अंगठा द्या.”

अंगठा दिला. यंत्र घेईना. पुसून दिला, खोबरेल लावून दिला. सुताच्या गाठी मारून मारून बोटांच्या रेघा कधीच झिजलेल्या. यंत्राच्या मते मावशी अस्तित्वातच नव्हत्या. मावशी शांतपणे म्हणाल्या, “मी नंतर येतो बाई, आता भीम उतरायचा टायम झाला. न्हाई तर मुकादम म्हणतोय, तू हाईस का न्हाईस.”

त्यांच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या उत्तर प्रदेशी पोरांनी दार उघडून बघितलं आणि परत लावून घेतलं. त्यांचं रेशन कार्ड गोंडा की बस्ती जिल्ह्यात कुठंतरी. राज्याच्या योजनेत ते बसत नाहीत, पण डास त्यांना चावताना कार्डाचा रंग बघत नाहीत. डासांचा हा एक ढिलेपणा आहे. महापालिकेच्या गटारात जन्मलेला डास ग्रामपंचायत हद्दीत येऊन चावतो, आणि धुराचं यंत्र मात्र खांबापाशी येऊन वळतं. डास अडवायचे तर खांबावर पाटी लावावी. डासांना वाचता येत नसेल तर तो शिक्षण खात्याचा विषय.

हे सगळं मांडायची रीतसर जागा कायद्यानं करून ठेवली आहे: ग्रामसभा. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. 30,000 च्या गावात शंभर माणसं म्हणजे उरसातल्या एका पाळण्याची रांग. तरी ठरलेल्या सकाळी शंभर डोकी जमत नाहीत, कारण सकाळी माग सुरू असतात आणि खाडा कुणाला परवडत नाही. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही, हे आपल्या कायद्यातलं सगळ्यात माणुसकीचं कलम. मग पाणी, गटार आणि दवाखाना, तिन्ही ठराव एकमतानं मंजूर. सूचक एक, अनुमोदक एक, आणि विरोध करायला तिसरा हजर नाही.