साध्या जेवणाचा बेतकरी

पुणे-लोणावळा लोहमार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या दरम्यान कान्हे हे स्थानक असून, तेथून जवळच जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील कान्हे फाट्याला टाकवे बुद्रुककडे, म्हणजे आंदर मावळात, जाणारा रस्ता फुटतो. या परिसरात शनिवार-रविवारपुरते भाड्याने मिळणारे बंगले वाढले, तशी शहरी एकत्र कुटुंबात जी एक व्यक्ती ठळक होत गेली, तिला येथे ‘बेतकरी’ म्हटले आहे. चौदा नातेवाइकांच्या मुक्कामात स्वयंपाक आपला आपणच करायचा असे जाहीर करणारा, त्यासाठी प्रत्येक वेळच्या जेवणाचा बेत आगाऊ लिहून काढणारा, आणि तो शिजवण्याची घटका आली की समोरचा डोंगर कोणता याची चौकशी करण्यासाठी बाहेर पडणारा गृहस्थ म्हणजे बेतकरी होय. वयाने तो पंचेचाळिशी ओलांडलेला, नात्याने बहुधा थोरला दीर किंवा मधला मेहुणा असतो, आणि स्वतःच्या घरच्या स्वयंपाकघरात त्याचा संचार फ्रिजच्या दारापर्यंतच असतो.

बेतकऱ्याचे कार्य मुक्कामाच्या तीन आठवडे आधी सुरू होते. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तो एक तक्ता धाडतो, ज्यात वारांचे रकाने, नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतच्या ओळी आणि माणशी १०० ग्रॅम या दराने काढलेला तांदळाचा हिशेब असतो. कमलाबाई ओगले यांचे १९७० साली प्रसिद्ध झालेले ‘रुचिरा’ हे पुस्तक वाटी-चमच्याच्या मापांमुळे नवशिक्यांच्या पिढ्यांना आधार ठरले. बेतकरी त्यातील मापांना माणसांच्या संख्येने गुणतो, आणि त्याचा गणितावरील विश्वास अढळ असल्यामुळे डाळीला लागलेला गुणाकार तो हिंगालाही तितक्याच निष्ठेने लावतो. गटावर या तक्त्याला आलेले अंगठे तो संमती म्हणून मोजतो. ज्यांच्या हातून तो स्वयंपाक व्हायचा असतो, त्यांनी अंगठा दिलेला नाही हे त्याच्या लक्षात येत नाही.

त्याच्या मते पदार्थाचा सोपेपणा नावाच्या लांबीवरून ठरतो. ‘मिसळ’ तीन अक्षरांत आटोपते, म्हणून ती शनिवारच्या नाश्त्याला योजली जाते. तिच्यासाठी मटकी दोन दिवस आधी भिजवून मोड आणावे लागतात, कांदा-खोबरे भाजून वाटावे लागते, कट, म्हणजे तर्रीचा पातळ रस्सा, वेगळा उकळावा लागतो, आणि पावसाळ्यात मावळात वीज गेली की वाटण करणारा मिक्सर शोभेची वस्तू होतो, या बाबी तक्त्यात मावत नाहीत. पिठल्याचेही तसेच आहे. “वहिनी, तुम्ही अजिबात दगदग करायची नाही, साधं पिठलं-भाकरी करू,” असे तो मोठ्या मायेने सांगतो, आणि पिठले दहा मिनिटांत होते हे त्याचे म्हणणे खरेही असते. परंतु माणशी दोन याप्रमाणे अठ्ठावीस भाकऱ्या थापून, तव्यावर टाकून, पाणी फिरवून, विस्तवावर फुगवायच्या झाल्यास, एकीला तीन मिनिटे धरली तरी एका शेगडीवर दीड तासाच्या घरात वेळ जातो, आणि थापणारीच्या ताटात पडते ती शेवटची, गार झालेली भाकरी.

भाड्याच्या बंगल्यातील स्वयंपाकघर हे बेतकऱ्याच्या सिद्धान्तांचे परीक्षास्थळ ठरते. तेथे दोन शेगड्या, झाकण नसलेला एक नॉनस्टिक तवा आणि टोमॅटोपुढे हार मानणारी सुरी एवढा सरंजाम असतो. बेतकऱ्याने बार्बेक्यूची जाळी, कोळसा आणि चार प्रकारचे सॉस आठवणीने आणलेले असतात. प्रेशर कुकरची रबरी रिंग मात्र घरी राहिलेली असते. डाळ शिजत नाही, तेव्हा तो त्याची शास्त्रीय कारणमीमांसा करतो: उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळते आणि डाळीला पुरेशी उष्णता मिळत नाही. हे शास्त्र निर्दोष आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच असल्याने तेथे पाणी ९८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. पण ज्या पुण्यातून बेतकरी आलेला असतो तेही सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे, उकळबिंदूंतील फरक अर्ध्या अंशाचाही भरत नाही.

तांदळाच्या बाबतीत त्याची अशीच फसगत होते. आंबेमोहोराच्या संकरातून निपजलेला आणि १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी हा मावळाचा अभिमानाचा तांदूळ. तो सुवासिक असतो, पण शिजल्यावर मऊ व चिकट होतो. बेतकरी तो फाट्यावरून कौतुकाने विकत घेतो आणि त्याचा मोकळा पुलाव योजतो. पातेल्यात जो गोळा तयार होतो, त्याला तो क्षणाचाही विलंब न लावता ‘गुरगुट्या मसालेभात’ असे नाव देतो आणि मुळात हाच बेत होता असे सांगतो.

अशा मुक्कामात माणसे उपाशी राहत नाहीत, याचे श्रेय एका कापडी पिशवीकडे जाते. ती बहुधा आत्याबाईंची किंवा धाकट्या काकूंची असते. तिच्यात थालीपिठाची भाजणी, म्हणजे धान्ये व डाळी भाजून दळलेले पीठ, असते. फोडणी घालून भाजलेला रवा असतो, ज्याचा उकळत्या पाण्यात उपमा होतो. मऊ भातावर कालवायला मेतकूट असते. दुधात कणीक भिजवून केलेल्या, प्रवासात टिकणाऱ्या दशम्या असतात, आणि शेंगदाण्याची चटणी असते. या पिशवीमागे एक पक्के तत्त्व आहे: जिकिरीची कामे आपल्या ओट्यावर, आपल्या भांड्यांत, आपल्या सवडीने उरकावीत आणि परक्या शेगडीसाठी फक्त पाणी उकळणे शिल्लक ठेवावे. बेतकऱ्याच्या तक्त्यात या पिशवीची नोंद ‘इतर’ या रकान्यात होते.

बेतकऱ्यावर अन्याय होऊ नये म्हणून नमूद केले पाहिजे की तो मनाचा उदार असतो, बंगल्याचे भाडे बहुतेक वेळा तोच भरतो, सामानाच्या पिशव्या वाहतो आणि सकाळचा चहा, साखर थोडी अधिक पडली तरी, मनापासून करतो. त्याचा दोष एवढाच की, योजणे हे करण्याइतकेच श्रमाचे आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटते.

यावर उपाय अवघड नाही. पहिल्या रात्री पोळी-भाजीचे डबे घरून न्यावेत, एका जेवणाच्या भाकऱ्या आणि कालवण गावातील घरगुती जेवण देणाऱ्या एखाद्या बाईंना आदल्या दिवशी सांगून ठेवावे, आणि बेतकऱ्याच्या तक्त्यात प्रत्येक पदार्थापुढे ‘कोण करणार’ हा एक रकाना वाढवून तो त्याच्याच हस्ताक्षरात भरून घ्यावा. तो भरताना निम्मे पदार्थ आपोआप गळतात. जे उरतात, तेच खरोखर सोपे असतात.