ब म्हणताना ओठ मिटतात

गेल्या आठवड्यात आमच्या ५५ इंची टीव्हीवर नाना बोलत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं. श्रीखंडाचं पातेलं घेऊन वाढपी मागून गेला, पंगतीतल्या एका बाईंनी पदर सावरला, नानांनी हात पुढे करून तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. खाली काळ्या पट्टीत पांढरी अक्षरं : ‘ऑडिओ फॉरमॅट समर्थित नाही’. सोफ्यावर बसलेले खरे नाना, माझे वडील, वय ८१, म्हणाले, “तिथं मी बोलतोय ना? मग समर्थित कसं नाही?”

प्रश्न रास्त होता. आमच्या घरात नानांच्या बोलण्याला समर्थन नसलं तरी ते ऐकू येतं.

मामला २००१ चा आहे. बहिणीचं लग्न, नाशिक रोडला जेल रोडचं कार्यालय, दुपारची पंगत. वरपक्षाचे थोरले काका सिन्नरहून आलेले. त्यांना कुठं बसवायचं यावरून नाना त्यांना काहीतरी बोलले. काय बोलले, यावर दोन्ही घरांत पंचवीस वर्षं एकमत नाही. नाना म्हणतात, “मी म्हणालो, बसा हो भाऊसाहेब.” सिन्नरकर म्हणतात, “बसा हो कुठंही.” एका ‘कुठंही’पायी काका पान तसंच ठेवून उठले, स्टेशनसमोर वडापाव खाऊन परत आले, आणि तेव्हापासून आमच्याकडच्या कुठल्याही कार्याला येतात ते जेवून येतात.

पुरावा घरातच होता. लग्नाच्या तीन व्हीसीडी. कव्हरवर नवरा-नवरी बदामात, मागे स्वित्झर्लंड, आणि कोपऱ्यात स्टुडिओवाल्याने छापलेलं : ‘मिक्सिंगसह’. पहिल्या दोन सीडी आम्ही तेव्हा कौतुकाने पाहिल्या. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं. तिसरी पंगतीची. ती कुणी लावलीच नाही. जखमेवर मीठ कशाला, म्हणून ती कपाटात ऊबदार कपड्यांच्या खाली गेली आणि तिथंच राहिली. यंदा बहिणीच्या लग्नाला पंचवीस वर्षं. सिन्नरकर रविवारी घरी येणार. नानांनी जाहीर केलं की आता सीडी लावायची, सगळ्यांसमोर, आणि होऊन जाऊ दे.

लावायची कशात, हा प्रश्न नानांना पडला नव्हता. तो मला पडला. सीडी प्लेअर भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली. लॅपटॉपला हल्ली सीडीची खाचच नसते. मी बिटको चौकातल्या एका मोबाइलच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने सीडी उजेडाकडे धरून पाहिली, जसं एखाद्या ताम्रपटाकडे पाहावं तसं. आतल्या खोलीतून एक जुना कॉम्प्युटर निघाला. व्हीसीडीच्या पोटात ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं एक फोल्डर असतं आणि त्यात ‘डॅट’ आडनावाची एक फाइल. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आवाज साधा स्टिरिओ, एमपी३ च्या थोरल्या भावाच्या, म्हणजे लेयर टूच्या जातीचा. एका तबकडीवर जेमतेम ७४ मिनिटं. म्हणून तर लग्नं तीन-तीन सीडींची व्हायची. विधी वाढले नव्हते.

“काका, नुसतं कॉपी नको, क्वालिटी करून देतो,” पोरगा म्हणाला. पुढे जे झालं ते या एका वाक्याने झालं. त्याने सॉफ्टवेअरच्या यादीत जे सगळ्यात भारदस्त दिसलं ते निवडलं. दोन कानांसाठी नोंदवलेला पंगतीतला गलका त्याने सहा स्पीकरांना वाटून डीटीएसमध्ये करून पेनड्राइव्हवर दिला. “थेटरसारखं वाजेल भो.” दोनशे रुपये.

इथं थोडं थांबतो, कारण हे मलाही पन्नाशीत कळलं. फाइलचं आडनाव, म्हणजे एमकेव्ही किंवा एमपी४, हा नुसता डबा असतो. आत पोळी म्हणजे चित्र आणि भाजी म्हणजे आवाज, दोन्ही वेगवेगळी शिजवलेली. आपण डबा पाहून म्हणतो ‘हा आपल्याकडे चालतो’. टीव्ही डबा उघडतो, पोळी ओळखतो, खातो, आणि भाजी पाहून म्हणतो ही आमच्यात चालत नाही. भाजी नासलेली नसते. टीव्हीला ती खायचा परवाना नसतो. परवाना हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. डीटीएसचा आवाज उलगडायचा तर टीव्ही बनवणाऱ्याला डीटीएसवाल्यांशी करार करावा लागतो. काही मोठ्या कंपन्यांनी ही सोय टीव्हीतून काढून टाकली. खोक्यावर रंग अब्जावधी असल्याचं छापतात. ऐकू काय येणार नाही, ते छापायला खोक्यावर जागा उरत नाही.

गंमत म्हणजे हा डीटीएस जन्मापासूनच विभक्त राहणारा. १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’बरोबर तो थिएटरांत आला, तेव्हा त्याचा आवाज फिल्मवर नसायचाच. तो वेगळ्या सीडीवर यायचा आणि फिल्मवर छापलेल्या टाइमकोडवरून चित्राशी पाय जुळवून चालायचा. डायनासोर पडद्यावर, डरकाळी शेजारच्या यंत्रात. आमच्याकडे तीस वर्षांनी फक्त शेजारचं यंत्र गेलं.

आवाज मिळेना, तेव्हा घरच्यांनी वाचाशास्त्राला हात घातला. कल्पना बायकोची, तिने बावीस वर्षं पहिलीच्या वर्गाला बाराखडी शिकवली आहे. ती म्हणाली, “ब म्हणताना ओठ मिटतात.” प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य. म्हणजे नाना जर ‘बसा हो भाऊसाहेब’ म्हणाले असतील तर ओठ तीनदा मिटले पाहिजेत : बसाचा ब, भाऊचा भ, साहेबचा ब. आणि ‘बसा हो कुठंही’ असेल तर एकदाच. क आणि ह कंठ्य, ठ मूर्धन्य. हे आतल्या खोलीत राहणारे वर्ण, दारात येत नाहीत. टीव्ही मुका असला तरी मोजणी शक्य होती.

आम्ही चौघं मोजायला बसलो. ती चार सेकंद मागेपुढे करून चाळीसेक वेळा पाहिली. नानांची मोजणी तीन आली. माझी पाच. बायकोची सात. शेजारचे जोशीकाका सहज डोकावले होते, त्यांची अकरा. मग बायकोलाच आठवलं : त्या काळी नानांच्या तोंडात चोवीस तास सुपारी असायची.

नाशिकला मुक्या चित्रांचं वावडं असायचं कारण नाही म्हणा. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत दाखवला आणि मग बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले, इथंच पुढचे मूकपट काढले. तीच हरिश्चंद्राची कथा १९३२ मध्ये ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलती केली. राजाला तोंड फुटायला एकोणीस वर्षं लागली, पण एकदा फुटल्यावर ते पुन्हा बंद झालं नाही. नानांचं २००१ मध्ये फुटलेलं तोंड टीव्हीने बंद केलं. सत्यवचनी दोघंही.

आता मी इरेला पेटलो. तोच पेनड्राइव्ह गाडीच्या स्टिरिओला लावला. त्याने ‘नो फाइल’ म्हणून अंग काढून घेतलं. त्याला फॅट३२ पद्धतीने आखलेला पेनड्राइव्हच लागतो आणि तोही एमपी३ चा. या एमपी३ ची गोष्ट मात्र मला आवडते. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेत तो घडला, ‘.एमपी३’ हे आडनाव त्यांनी १९९५ च्या जुलैत ठरवलं, आणि २०१७ मध्ये त्याच्या परवान्यांचा धंदा त्यांनी आवरला. म्हणजे आता तो कुणाच्याच बापाचा नाही, आणि म्हणूनच गाडीत, मिक्सरएवढ्या स्पीकरमध्ये, देवळाच्या भोंग्यात, सगळीकडे निमूट वाजतो. जे कुणाचंच नसतं ते सगळ्यांकडे चालतं.

नानांना हे पटण्यासारखं होतं, कारण ते प्रेसमधले. नाशिक रोडला ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही. १९२५ ची इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२८ ची करन्सी नोट प्रेस. निम्म्या गल्लीची पेन्शन तिथली. नानांनी उमेदीची वर्षं नोटा मोजण्यात घालवली. ते म्हणाले, “इथं छापलेली नोट गडचिरोलीला गेली आणि दुकानदार म्हणाला समर्थित नाही, असं झालंय कधी?”

मी म्हणालो, “नाना, ८ नोव्हेंबर २०१६.”

ते गप्प बसले. त्या मध्यरात्रीपासून देशातल्या सगळ्या पाचशेच्या आणि हजारच्या नोटांवर काळी पट्टी आली. नोट तीच, कागद तोच, तारही जागेवर. फक्त फॉरमॅट समर्थित नाही. नोटा मोजून निवृत्त झालेला माणूस, वय ७१, आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन रांगेत उभा राहिला, चार हजार रुपये कन्व्हर्ट करून घ्यायला. पाचशेची नवी नोट तर इथंच, हाकेच्या अंतरावर छापली जात होती. ती आली, तर एटीएमला चालेना. जुनी होती १६७ मिलिमीटर बाय ७३, नवी १५० बाय ६६. देशभरातली दोन लाखांवर यंत्रं माणसं पाठवून उघडावी लागली आणि आतल्या पेट्या नव्या मापाला जुळवाव्या लागल्या. त्या पेटीला काय म्हणतात ठाऊक आहे? कॅसेट. मी हे सांगितल्यावर नाना पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या एखाद्या मुद्द्यावर हसले.

शुक्रवारी रात्रीच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुलगी मुंबईहून आली. तिला सगळी हकीकत सांगितली, ओठांच्या मोजणीसकट. तिने जेवतानाच, डाव्या हाताने, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली. एफएफएमपेग नावाचं एक फुकट अवजार आहे, एका फ्रेंच माणसाने २००० साली सुरू केलेलं. जगातले कितीतरी कन्व्हर्टर आतून तेच वापरतात आणि वरून रंगीत बटणं लावतात. त्या ओळीचा अर्थ तिने सांगितला : चित्राला हात लावू नको, जसंच्या तसं नव्या डब्यात ठेव, आवाज तेवढा एएसीमध्ये कर. “चित्र पुन्हा शिजवलं की प्रत्येक वेळी थोडं जातं, बाबा. झेरॉक्सची झेरॉक्स.” मिनिटसुद्धा लागलं नाही. वरण निवायला जास्त वेळ लागला.

“आणि खरं तर,” ती म्हणाली, “तुमच्या फोनवर व्हीएलसी टाकलं असतं ना, तर न बदलताच वाजलं असतं.” व्हीएलसी म्हणजे तो रस्त्यावरच्या नारिंगी शंकूचं चित्र असलेला प्लेअर, पॅरिसच्या एका कॉलेजातल्या पोरांनी केलेला. तो परवाना विचारत नाही, पुढ्यात येईल ते वाजवतो. इतके दिवस तो शंकू माझ्या फोनपासून एका बोटाच्या अंतरावर होता. मी विषय बदलला.

मी म्हटलं, लावून तर पाहू. नानांनी पेनड्राइव्ह काढून मुठीत घेतला. “सीलबंद पेटी साक्षीदारांसमोरच उघडायची असते,” ते म्हणाले. प्रेसमधला माणूस. दोन दिवस तो पेनड्राइव्ह त्यांच्या बंडीच्या खिशात होता. शनिवारी तो धुवायला जाता जाता वाचला.

रविवारी सिन्नरकर आले. थोरले काका, वय ७९, रिवाजाप्रमाणे जेवून आले होते. टीव्हीसमोर दोन्ही घरं बसली. नानांनी स्वतःच्या हाताने पेनड्राइव्ह लावला. पंगत आली. काळी पट्टी आली नाही. पंगतीवर सनई वाजत होती, आणि स्पष्ट वाजत होती. आवाज सुरू झाला म्हणून मुलीकडे पाहून मी मान डोलावली. वाढपी आला. पातेलं आलं. बाईंनी पदर सावरला. काका पुढे सरकून बसले. नानांनी पडद्यावर हात पुढे केला, सनई थांबली, नानांनी तोंड उघडलं, आणि त्यातून लताबाई गायला लागल्या. ‘हम आपके हैं कौन’मधलं गाणं होतं. अख्खं कडवं. पुढे काका तावातावाने काही बोलले, तेही लताबाईंच्याच आवाजात. मग पान सोडून ते उठले ते तबल्यावर.

खोलीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही. शेवटी काकाच म्हणाले, “व्याही, गळा बाकी छान आहे हो तुमचा.”

नानांनी रिमोट खाली ठेवला.

“मिक्सिंगचे तीनशे रुपये,” ते म्हणाले, “मीच वेगळे दिले होते.”