टोक नसलेला काटा

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. रहस्यकथेसाठी शीर्षकाचं अक्षरांकन हवं होतं. शब्द एकच, 'काटा'. "अक्षर असं काढा, की बोट लावलं तर रक्त आलं पाहिजे," ते म्हणाले. मानधनाचा विषय निघाल्यावर मात्र ते इतके गुळगुळीत बोलले, की धरायला कुठे जागाच उरली नाही.

कागद घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात उमगलं, की 'काटा' या शब्दात काटा कुठेच नाही. 'क'ला दोन्ही अंगांनी वळणं, 'ट' म्हणजे तर नुसतं सुटलेलं पोट. 'टोक' लिहिलं तरी तीच गत. 'खिळा' लिहावा, तर 'ख' गुबगुबीत आणि 'ळ' म्हणजे जिलबी. आपल्या भाषेत टोचणाऱ्या वस्तूंची नावं लिहायला बसलं, की पान फराळाच्या ताटासारखं दिसू लागतं.

यात 'ट'चा हट्ट सगळ्यांत जुना. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मीत 'ट' म्हणजे उघडं अर्धवर्तुळ आणि 'ठ' म्हणजे पुरतं वर्तुळ. 'क' तेव्हा चक्क बेरजेच्या चिन्हासारखा होता, चार टोकांचा. पुढे तो वळणाला लागला. 'ट' आणि 'ठ' मात्र बावीसशे वर्षांत आहेत तसेच. ज्याला सम्राटाच्या छिन्नीने कोपरा काढता आला नाही, त्याला मी पेन्सिलीने काय काढणार?

शिवाय हातालाही तसली सवय नाही. शाळेत 'अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं हवं' हे ऐकत वाढलो. 'अक्षर दाभणासारखं काढ' असं कुठल्या गुरुजींनी कधी सांगितलं नाही.

तरी 'ट'चं पोट मोडून कोन केला. मागून चहा घेऊन आलेल्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हे 'पेक्षा लहान'चं चिन्ह कशाला टांगलंय?" तो खोडला. मग टोक खाली नेलं. आता तो कान्याशेजारी बुटका दिसू लागला. हा टोकदार अक्षरांचा जुनाच आजार. टोकापाशी शाईच कमी, त्यामुळे मापाने बरोबर असलेलं अक्षर डोळ्याला आखूड वाटतं. पाउल रेनर या जर्मन अक्षरकाराच्या 'फ्युचुरा' या १९२७ सालच्या टंकात रोमन 'ए'चं टोक म्हणूनच शेजाऱ्यांच्या डोक्यावरून थोडं वर जातं. टोचऱ्या माणसाला घरात जरा जास्त जागा द्यावी लागते, त्यातलाच हा प्रकार. रोमनला वर मोकळं आभाळ तरी आहे. आपल्याकडे शिरोरेखा सासूसारखी आडवी. तिच्यावर डोकं काढायची मुभा फक्त मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार यांना.

अनुस्वार आठवला आणि जीव हळहळला. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं. तो नुसता टेकवून थोडा ओढला, की ठिपका शंकरपाळीसारखा चौकोनी उमटतो, चारही कोपरे धारदार, तेही फुकटात. माझे आजोबा 'कांटा' असंच लिहायचे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि काट्याचं होतं तेवढं एकुलतं टोकही गेलं. पोरांचे मार्क वाचले हे खरं, पण अक्षरं काढणाऱ्यांना कुणी विचारलं होतं?

मग ड्विगिन्सबाबांचा आधार घेतला. हे अमेरिकन अक्षरकार हौसेने कळसूत्री बाहुल्या कोरायचे. कोवळ्या मुलीचा चेहरा मऊ, गोल कोरला तर प्रेक्षागृहातून तो पुसट दिसतो. गाल सपासप पैलू पाडून कोरले, तर लांबून तेच पैलू कोवळे भासतात, असं त्यांना आढळलं. हीच युक्ती त्यांनी छपाईच्या बारीक अक्षरांतही वापरून पाहिली. मला वाचून घामच फुटला. म्हणजे मी जिवावर उदार होऊन कोपरे काढायचे आणि स्टॉलवर टांगलेल्या अंकात लांबून ते गालासारखे दिसायचे!

शेवटी 'ट'ला शरण गेलो. बाहेरून त्याचं पोट राहू दिलं, फक्त आतली पोकळी कोनात कापली आणि शेपटाचं टोक तिरकं छाटलं. 'क'च्या पोटातही तसंच. दोन्ही काने खाली निमुळते केले. अक्षर पहिल्यांदाच जरा गुरगुरलं. आता पक्कं करायचं ते बोरूनेच, म्हणून बोरू तासायला घेतला आणि चाकू थेट अंगठ्यात.

रक्ताचा थेंब पडला तो नेमका 'का'च्या डोक्यावर, शिरोरेखेला लागून. चांगला वाटोळा, मोत्याच्या दाण्यासारखा. मी टिपकागद शोधू लागलो, तोच हळदीची वाटी घेऊन आलेल्या सौभाग्यवतींनी कागद उचलून लांब धरला.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या, "आता वाचता येतंय."