कागद होतील की

प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी नाना असतात. कागदपत्रं चोख असलेली गाडी त्यांना अळणी लागते; ती काय, कोणीही घेतं! आमच्या नानांनी जीप आणली ती थेट मंडी डबवालीहून. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं हे गाव लष्करी लिलावातल्या जुन्या जीपांना नवं अंग चढवण्यात वाकबगार. चासी विलीजची, डिझेल इंजिन भलत्याच गाडीचं, पत्रा कोरा करकरीत. ट्रकवरून ती कराडात उतरली तेव्हा वहिनींनी ओवाळलं आणि विचारलं, “आरसी बुक कुठंय?”

“होतील की कागद,” नाना म्हणाले. तेव्हापासून जीप पत्र्याच्या शेडमध्ये आहे आणि नाना आरटीओच्या दारात.

तिथला एजंट नानांना लांबून पाहूनच दोन कटिंग सांगतो. हे काम होणारही नाही आणि संपणारही नाही, हे दोघांनाही ठाऊक. नानांना स्वतःच्या शेताचा गट नंबर आठवत नाही, पण फॉर्म तोंडपाठ: मालकीबदलाला २९ आणि ३०, ना हरकतीला २८, मालक वारला असेल तर ३१, लिलावात घेतली तर ३२. अडचण एवढीच, की यातला प्रत्येक फॉर्म गाडी आधी कोणाच्या तरी नावावर होती असं धरून चालतो. लष्कराची लिलावाची पावती मधल्या कुठल्या हातात राहिली, हे त्या हातालाच माहीत.

“महिंद्रांनी तरी काय केलं?” नाना चिडून विचारतात. “विलीजचे सुटे भाग बोटीने आणले आणि माझगावात जोडले. त्यांना बरे कागद मिळाले!” यावर उत्तर आहे, पण नानांना देण्यात अर्थ नाही.

चासीचा नंबर उतरवून घेण्याचा सोहळा मात्र बघण्यासारखा. नाना पोतं अंथरून गाडीखाली आडवे होतात, पॉलिश पेपरने गंज घासतात, वर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवतात. हळूहळू आकडे उमटतात. मग तो तीन की आठ, यावर शेडमध्ये अर्धा दिवस खल. एकदा कोणीतरी सुचवलं, “नवा नंबरच ठोकून घेऊ की.” नाना असे उसळले, की डोकं ॲक्सलला आपटलं. नंबर ठोकणं हा गुन्हा आहे. नाना बिनकागदाचे असतील, बेकायदा नाहीत.

तर जगात जीप नाही पण कागद आहेत अशीही घरं असतात. खटावकडच्या एका आजींच्या ट्रंकेत विलीजचं जुनं आरसी बुक आहे असं कळलं. नाना स्थळ बघायला जावं तसे गेले: इस्त्रीचा सदरा, पाव किलो पेढे, सोबत पेन्सिलीने उतरवलेली चासीची पत्रिका. पहिले तीन आकडे जुळले तेव्हा नानांनी डोळे मिटून घेतले. चौथा जुळला नाही. आजींनी पेढे ठेवून घेतले.

मग २०२१ चा नियम नानांच्या हाती लागला. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, फी वीस हजार. नानांनी गल्लीत जिलेबी वाटली. गाडी फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, फार तर पेट्रोलपंपावर किंवा दुरुस्तीला काढायची, हेही त्यांना मान्य. आता कुठे काढतात? पण खाली लिहिलं होतं: गाडी मूळ स्वरूपात हवी, मोठे फेरफार नकोत. आणि इथे नोंद झालेली असेल तर जुनं आरसी बुक जोडा.

जुन्या आरसी बुकाकडे नानांनी तूर्त काणाडोळा केला. पण इतकी वर्षं “इंजिन बदललंय, पॉवर स्टेअरिंग टाकलंय” म्हणून मिरवणारे नाना त्या दिवसापासून जीपला “अगदी ओरिजिनल, हात लावलेला नाही” म्हणू लागले. आरटीओतले एक ओळखीचे साहेब रविवारी सहज बघायला आले. त्यांनी बॉनेट उघडलं, मिटलं, काही बोलले नाहीत. सीटवर बसले आणि स्टेअरिंगच्या मधोमध बोट ठेवलं. तिथे ठसठशीत अक्षरात ‘मारुती’.

नाना क्षणभरही अडले नाहीत. “शनिवार करतो साहेब मी.”