अंशतः खरे आहे

छत्रपती संभाजीनगरात हर्सूलचा तलाव भरला की बातमी होते आणि नळाला पाणी आले की तीही बातमीच. आठवडा उलटला तरी पाणी का नाही, हा साधा सवाल विधिमंडळात मात्र तसा चालत नाही. तो ‘हे खरे आहे काय?’ असा छापावा लागतो. मग ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरही ठरलेले: ‘हे अंशतः खरे आहे’ आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. ड्रमच्या तोंडाला फडके बांधून बसलेल्या बाईच्या घरी तो दर आठवड्याला उद्भवतो, ही गोष्ट वेगळी.

जायकवाडीहून पाणी आणणारी नवी योजना आधी १६८० कोटींची होती, पुढे २७४० कोटींवर गेली. पाण्याआधी आकडा चढला, तोही पंपाशिवाय. हिशेब मागायला कॅगचा अहवाल आहेच. तो बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, सदस्यांच्या बॅगा भरून झाल्यावर.

तारांकित प्रश्नावर उपप्रश्न विचारता येतात, मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागते. नियम दांडगाच आहे. पण गोंधळात प्रश्नोत्तरांचा तास तहकूब झाला की मंत्री सुटले, आणि गोंधळ घालणारेही खूश.

मे २०२२ मध्ये देवेंद्र फडणवीसांनी विरोधी पक्षनेते म्हणून याच पाण्यासाठी शहरात जलआक्रोश मोर्चा काढला. जूनअखेर सत्ता बदलली आणि ते उपमुख्यमंत्री झाले. काल उत्तरे देणारे आता प्रश्न विचारू लागले, तेही त्याच तावातावाने.