बल्लाळाचे आठशे भाग

पालीच्या बल्लाळाची गोष्ट घ्या. कल्याणशेठचं पोर सवंगड्यांसह रानात दगडाचा गणपती पुजत बसतं. बाप संतापून दगड भिरकावतो, पोराला झाडाला बांधतो आणि देव प्रकटतो. घरातलं भांडण, चमत्कार, सगळं आयतं. अन् सांगणारा पाच मिनिटांत मोकळा! वाहिनीवरच्या मालिकेत नुसता दगड उचलायलाच आठवडा लागला असता, तोही तीन कोनांतून. २०१३च्या ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेत नायिका जान्हवीला सहा सासवा होत्या, बल्लाळाला निदान एक कपटी मामा मिळाला असताच. प्रेमकथा? दोर सोडवायला शेजारगावची मुलगी आहेच. तो फेकलेला दगड मात्र पालीत धुंडीविनायक झाला, पूजेचा पहिला मानही त्याचाच. मालिकेत त्याचा स्मृतिभ्रंश झाला असता.